अमावस्येच्या नोंदी

१

“ताई, जोडण्या सकाळी उघडायच्या आणि संध्याकाळी बंद करायच्या. आपल्या हाताने. यंत्रावर सोडून द्यायचं नाही.”

सहादेवचा आवाज असाच होता, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. तो श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात, आणि मी नगरच्या एका लहान कंपनीत. अशा कारखान्यांची यंत्रं आमची कंपनी सांभाळायची. भेट क्वचित, बोलणं मात्र रोज फोनवर. त्याच्या मागे यंत्राच्या खोलीतला पंखा घरघरत असे. तो मध्येच गप्प झाला तरी पंखा ऐकू येई, म्हणून माणूस अजून फोनवर आहे हे कळे.

कार्तिकात तो गेला. जेवून उठला, ओसरीवर टेकला, तो टेकलेलाच राहिला.

फाल्गुन संपत आला होता. सकाळची पोथी वाचून मी ऑफिसात येऊन बसले आणि त्याच्याच टेबलावरून फोन आला. आधी कुणी बोललंच नाही. नुसता पंखा.

मग विभागप्रमुख मच्छिंद्र बोरुड्यांचा आवाज आला. “शुभांगीताई, सहादेव अजून नोंदी करतोय. तुम्ही या.”

२

कारखान्याच्या आवारात मळीचा वास भरून राहिला होता. यंत्राच्या खोलीबाहेर चपला काढल्या. आत ते कपाटाएवढं यंत्र, ज्याला सगळे ‘फोर हंड्रेड’ म्हणायचे, आणि त्याच्यासमोर सहादेवची खुर्ची. पाठीवर त्याचा मफलर तसाच. त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. मच्छिंद्रभाऊ उभ्यानेच कळफलक बडवत होते.

हिरव्या अक्षरांत तीन ओळी आल्या. तीन शेतकरी बायका, तिघी एकट्या. तिघींच्या उसापुढे ‘तोडणी पूर्ण’. नोंद करणारा: सहादेव.

“आणि ऊस?” मी विचारलं.

“पहिल्या दोघींनी कंटाळून गुऱ्हाळाला घातला. तिसऱ्या मालनबाई. त्यांचा रानात उभा आहे. आपलं यंत्र सांगतं तुटला. तुटलेल्या उसाला तोडीची पावती निघत नाही, आणि पावतीशिवाय टोळी रानात जात नाही. परवा पाडव्याला पट्टा पडतोय, कारखाना बंद. मग उन्हाळाभर तो ऊस रानातच वाळायचा.”

मी तारखा पाहिल्या. मार्गशीर्ष, पौष, माघ. दर महिन्याची अमावस्या.

मच्छिंद्रभाऊंनी माझ्याकडे न बघता मान हलवली. “म्हणूनच कुणी इथे एकटं थांबत नाही.”

“तो गेल्यावर त्याचं नाव काढून का नाही टाकलंत?”

“वर्षश्राद्ध झालेलं नाही, ताई. त्याच्या आई, भीमाबाई, अजून रोज त्याच्या नावाने घास काढून ठेवतात. आपण इकडे नाव पुसून टाकायचं?”

मीही पुसलं नसतं.

“साहेबांचा भुतावर विश्वास नाही,” ते पुढे म्हणाले. साहेब म्हणजे कारखान्याचे कार्यकारी संचालक. “त्यांनी माणूस ठरवलाय. नदीकाठच्या गट ऑफिसातला कारकून, भीमराज. अमावस्येला टोळ्या नवं रान धरत नाहीत, नव्या उसाला पहिला कोयता लावत नाहीत; नव्या पावत्या नसतात, म्हणून गट ऑफिसं ओस पडतात. भीमराजचं घर बौद्ध, तो ते पाळत नाही. तो एकटाच येतो आणि राहिलेल्या पावत्या भरतो. उद्या अमावस्या आहे. उद्या दुपारी त्याला काढणार. मालनबाईंची चौकशी हंगामानंतर.”

“हंगामानंतर चौकशी करून ऊस गोड होणार आहे का?”

“हेच मी म्हटलं,” ते पुटपुटले. “मनात.”

३

भुताचं काम सोपं निघालं.

त्या वर्षी कारखान्याने गट ऑफिसांना एक नवी सोय दिली होती. तिथल्या संगणकावर वेबचं पान उघडायचं, त्यात पावती भरायची, आणि ती फोनच्या तारेवरून थेट फोर हंड्रेडमध्ये जायची. पान आणि यंत्र यांच्यातली वाट म्हणजे जोडणी. दरवेळी नवी जोडणी उघडायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक गटासाठी एक उघडून ठेवलेली असते आणि तीच सगळे वापरतात.

ती जोडणी उघडताना यंत्र विचारतं, कोण आहे? उत्तर आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवावं लागतं. मी ती फाईल उघडली. सहादेवने स्वतःचंच नाव आणि परवलीचा शब्द घातला होता. पानासाठी वेगळं नाव हवं तर मंजुरी लागते, आणि हंगाम तोंडावर होता.

“म्हणजे पानावरून कुणीही काही भरलं,” मी म्हणाले, “तरी यंत्राला ते सहादेवनेच भरलं असं दिसतं. कार्तिकापासून पानावरची प्रत्येक पावती त्याच्या नावाने चढली आहे. तुम्ही फक्त या तीनच पाहिल्यात.”

मच्छिंद्रभाऊ मटकन बसले, आणि कुठे बसलो हे लक्षात येताच पुन्हा उठले. “मग तो येत नाही?”

“त्याचं नाव येतं.”

त्यांनी मफलरला हात जोडले. मला मात्र हायसं वाटलं नाही. तिन्ही नोंदी नदीकाठच्या गटाच्या जोडणीवरून, अमावस्येच्या सकाळी पक्क्या झालेल्या होत्या. त्या सकाळी त्या ऑफिसात एकच माणूस असे.

भूत घालवून मी भीमराजलाच आणखी अडकवलं होतं.

४

“या मॅडम,” भीमराज म्हणाला. तिशीचा, सडसडीत, शर्टाची इस्त्री कडक. “भुताला धरायला आलाय का मला?”

“अजून ठरलं नाही.”

“भुताला धरा. त्याला नोकरी न्हाई.”

तो हसला, आणि आधीच सरळ असलेले कागद पुन्हा सरळ करू लागला. त्याने पाणी दिलं. मी विचारलं, अमावस्येला काय होतं ते सगळं सांग. त्याने आधी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघितलं.

“कुणाला सांगितलं न्हाई मी. सकाळची पहिली पावती भरतो. सेव्ह करतो. यादी परत येते, तर तिच्यात माझ्या पावतीच्या खाली आणखी एक ओळ. मी न भरलेली. पानाच्या कोपऱ्यात सहादेवभाऊंचं नाव. पहिल्यांदा वाटलं आपलीच चूक. दुसऱ्यांदा उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यांनीच मला हे शिकवलं हुतं, मॅडम. मागं उभं राहून शिकवायचे. तसं मागं कुणी उभं आहे असं वाटायला लागलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“आमच्या घरात भूत मानत न्हाईत. आजोबांनी छपन्न साली दीक्षा घेतली तवापासून न्हाई. आता मीच सांगायचं, मला भूत दिसलं?”

एवढ्यात गटाचे शेतकी अधिकारी गोरक्षनाथ आले. पांढरा सफारी, कपाळावर गंध. गटात त्यांना सगळे रावसाहेब म्हणायचे. त्यांनी चहा मागवला, माझी चौकशी केली, मी कुठली पोथी वाचते हेही विचारलं.

“मी दर अमावस्येला शिंगणापूरला असतो, ताई. नेम आहे. कुणालाही विचारा. मागे काय घडतं ते मला काय ठाऊक? मी कुणाकडे बोट दाखवत नाही.” त्यांनी बशीत चहा ओतला. “पण काही दिवस असे असतात, माणसाने घरी बसावं. पाळणारा पाळतो, न पाळणाऱ्याला कोण काय सांगणार?”

भीमराजने कप उचलले आणि बाहेर गेला.

मालनबाईंचं रान जवळच होतं. भीमराज वाट दाखवायला आला. उसाला तुरे येऊन गेले होते, पाचट वाजत होतं. मालनबाई बांधावर उभ्या राहून आम्हाला येताना बघत होत्या.

“ह्यो बगा माजा तुटल्याला ऊस,” त्या म्हणाल्या. “हात लावून बगा, बाई. मशिनला दिसत न्हाई, तुमाला तरी दिसतोय का?”

मी खरंच हात लावला. पान कोरडं, धारदार.

“तुटला असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“रावसाहेबांनी. माजी पाळी कवा म्हनून इचारायला गेल्ते. त्यांनी मशिनवर दावलं. ह्ये तुमचं नाव, ह्ये तुटला म्हनून लिवलंय. म्या म्हनलं, मग रानात उभं हाय ते काय, बाभळी?”

“कधीची गोष्ट?”

“माघातल्या अमुशाच्या आदल्या सांजंला. अमुशाला मी कुनाच्या दारात जात न्हाई, म्हनून आदल्या दिशीच गेल्ते. दिवं लागत हुतं. भीमराज घरच्या गाडीला गेल्ता, रावसाहेब एकलेच हुते.” त्यांनी उसाकडे पाहिलं. “मालक गेल्यापास्नं पहिला लावलेला ऊस हाय ह्यो. समदी म्हनली, बाईमानसाला ऊस जमत न्हाई. जमला की. आता तोडायलाच कुनी न्हाई.”

“मावशी,” भीमराज म्हणाला, “पट्टा पडायच्या आत ह्या उसाला कोयता लागंल. मी शब्द देतो.”

“तुजी नोकरी उद्या जातीया म्हनत्यात. तू कुटला शब्द देतो?”

“नोकरी गेली तर शब्द जातो व्हय?”

परतताना मी गट ऑफिसाच्या दाराशी येऊन थांबले. मालनबाईंची नोंद अमावस्येच्या सकाळची होती. मग ती आदल्या संध्याकाळी रावसाहेबांनी दाखवली कशी?

५

बाई चुकल्या असतील असं आधी वाटलं. पण अमावस्या पाळणाऱ्या बाईचा आदला दिवस चुकत नाही. मी स्वतः पाळते. चतुर्दशीच्या संध्याकाळी काय काय उरकून घेतलं हे मला महिने लक्षात राहतं.

म्हणजे यंत्र चुकत होतं. किंवा आम्हाला कळत नव्हतं असं काही ते सांगत होतं.

सहादेवचा आवाज दिवसभर कानात होता. जोडण्या संध्याकाळी बंद करायच्या. मी मच्छिंद्रभाऊंना फोन लावला. “कार्तिकानंतर जोडण्या संध्याकाळी कोण बंद करतं?”

पंखा घरघरला. “कुणीच नाही, ताई. चालू आहे म्हटल्यावर कुणी हात लावला नाही.”

भीमराज आणि मी चतुर्दशीच्या त्या संध्याकाळी गट ऑफिसात थांबलो. दिवसाची शेवटची पावती भरून झाली होती, रावसाहेब लवकर निघून गेले होते. यंत्राच्या चाचणीसाठी एका खोट्या सभासदाचं खातं नेहमी ठेवलेलं असतं. मी ‘तोडणी पूर्ण’चं पान उघडलं, त्या खात्यावर नोंद केली आणि सेव्ह दाबलं. आमच्या पडद्यावर ओळ दिसली.

“मच्छिंद्रभाऊ, तिकडे दिसली का?”

“नाही.”

“पुन्हा बघा.”

“काहीच नाही, ताई.”

भीमराजने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. समोर ओळ होती, आणि कारखान्यात नव्हती. मी त्याला संगणकाला हात न लावता ऑफिसला कुलूप घालायला सांगितलं. त्या रात्री श्रीगोंद्यातल्या मावसबहिणीकडे मी देवापुढे वात लावली, आणि नामस्मरणात मध्येच तो पंखा ऐकू येत राहिला.

सकाळी अमावस्या लागलेली होती. रस्त्यावर नेहमीच्या गाड्या नव्हत्या. भीमराजने कुलूप काढलं, मी फोन कानाला लावून उभी राहिले.

“भर तुझी पहिली पावती.”

त्याने भरली. सेव्ह दाबताना त्याने डोळे मिटून घेतले.

फोनमध्ये आधी पंखा. मग मच्छिंद्रभाऊ, अगदी हळू. “आली. दोन ओळी आल्या. एक पावती, आणि एक… तोडणी पूर्ण. सहादेव. वेळ आत्ताची.”

भीमराजने डोळे उघडले. “मी न्हाई केली, मॅडम. तुम्ही बघितलं.”

“मी बघितलं,” मी म्हणाले. “आता कुणी केली तेही मला माहीत आहे.”

६

रावसाहेब शिंगणापूरहून दुपारीच परतले होते. साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बसवलं. मालनबाई दारातच उभ्या राहिल्या. अमावस्या मोडून आल्या होत्या.

“रावसाहेब,” मी विचारलं, “माघात मालनबाईंना तुम्ही त्यांची नोंद दाखवलीत, ते आदल्या संध्याकाळी?”

“दाखवली. माझं कामच आहे ते.” ते साहेबांकडे वळले. “मी लपवत असतो तर दाखवली असती का?”

“तेव्हा पानावर ‘तोडणी पूर्ण’ होतं?”

“होतं. बाईंनाच विचारा.”

“त्यांनीच सांगितलं.” मी साहेबांना म्हणाले, “पानं दोन प्रकारची आहेत. पावतीचं पान नोंद केली की ती लगेच पक्की करतं. तोडणी पूर्णचं पान पुण्याच्या कंपनीने लिहिलंय, आणि ते पक्कं करायलाच विसरतं. फाईलमध्येही ‘आपोआप पक्कं कर’ हे बंद ठेवलेलं आहे. मग नोंद कच्चीच राहते, त्या जोडणीच्या पोटात. त्याच जोडणीवर पुढची पावती चढली की तिच्याबरोबर हीही पक्की होते, आणि वेळ लागते ती त्या पावतीची. रोजच्या गर्दीत पुढची पावती लगेच येते, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण दिवसाची शेवटची पावती झाल्यावर कुणी ही नोंद केली, तर ती रात्रभर कच्ची राहते. सकाळी जो पहिला येऊन पावती भरेल, त्याच्या वेळेला ती पक्की होते. अमावस्येला येतो फक्त भीमराज.”

“मग भीमराजनेच आदल्या दिवशी केली नसेल कशावरून?” साहेबांनी विचारलं.

“त्याने दिवसा केली असती तर त्याच्याच पुढच्या पावतीने ती त्याच दिवशी पक्की झाली असती. ती शेवटच्या पावतीनंतरची आहे. शेवटची पावती भरून भीमराज गाडीला गेला. त्यानंतर, दिवेलागणीला, मालनबाई गेल्या तेव्हा संगणकासमोर एकच माणूस होता. आणि ती नोंद त्या वेळी कारखान्यात कुणालाही दिसत नव्हती, फक्त त्या एका पडद्यावर होती.”

रावसाहेबांनी गंधाला हात लावला. “मी… यादी बघत असताना दिसली असेल.”

“मग यादी उघडायच्या आधी ती कुणी लिहिली?”

बाहेर उसाची गाडी काट्यावर चढली, साखळ्या वाजल्या. रावसाहेबांच्या कुठल्याच उत्तराने आता चाललं नसतं, कारण साहेबांनी आतापर्यंत फोनवर वजनकाट्याला विचारून घेतलं होतं: माघात मालनबाईंच्या पाळीवर कुणाचा ऊस आला? रावसाहेबांच्या मेहुण्याचा. त्याची कुठे लागवड-नोंद नव्हती, आणि नोंदीशिवाय पाळी मिळत नाही; ती मालनबाईंची घेतली होती.

“अमावस्येला नव्या पावत्या नसतात, यादी कुणी तपासत नाही,” मी म्हणाले, “म्हणून आदली संध्याकाळ. तुम्ही इथे नव्हता याला शिंगणापूरचा पुरावा आपोआप मिळाला, भुताचा आडोसाही मिळाला. हे दोन्ही तुम्ही ठरवलं नव्हतं, रावसाहेब. तुम्ही फक्त गप्प राहिलात.”

“सहादेव असताना असं झालं नाही,” मच्छिंद्रभाऊ एकदम बोलले.

“झालं असेल, पण टिकलं नसेल. तो संध्याकाळी जोडण्या बंद करायचा. बंद झाली की कच्ची नोंद गळून पडते. कुणी लिहून गेलं असेल तर सकाळी ती दिसलीच नसेल.”

ते ऐकून मच्छिंद्रभाऊंनी चष्मा काढला.

साहेबांनी मालनबाईंच्या पावतीवर सही केली. मी यंत्राच्या खोलीत जाऊन प्रत्येक गटाच्या जोडणीला वेगळं नाव दिलं. सहादेवचं नाव पुसलं नाही. त्या नावाने आता कुणाला आत येता येणार नाही, एवढंच केलं. पडद्यावर एकदा त्याचं नाव आलं आणि शेजारी ‘बंद’ असं आलं. का कोण जाणे, मी पंख्याकडे कान देऊन थोडी थांबले.

७

पावती घेऊन मालनबाई, भीमराज आणि मी टोळीच्या तळावर गेलो. मुकादम खोपटासमोर मुलीच्या केसाला तेल लावत बसला होता. त्याने पावती पाहिली, परत दिली.

“आज अमुशा हाय, बाई. आज नवं रान धरत न्हाई आमी.”

“उद्या दुपारी काटा बंद होईल.”

“माज्या हातात काय हाय? बायकापोरं संगं हायेत. मागल्या साली एकानं धरलं, त्याच्या बैलाचा पाय मोडला.” तो वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच कसंनुसं झालं होतं. “उद्या पहाटे धरलं तर अर्ध बी हुनार न्हाई.”

मला त्याला समजावता येईना. मी स्वतः अमावस्येला नवं काम धरत नाही. मालनबाई एका दगडावर बसल्या.

“मुकादम,” भीमराजने विचारलं, “धरलेलं रान असलं तर? आधीच चालू असलेलं?”

“चालू रान तोडायला कसली हरकत? काल धरल्यालं रान आज तोडूनच आली की टोळी.”

“धरणारा कुणी का असंना?”

मुकादमाने तेलाचा हात थांबवला. भीमराजकडे बघितलं, मग मालनबाईंकडे. “धरणाऱ्याचं त्यानं बगावं,” तो सावकाश म्हणाला. “आमी फकस्त रान चालू हाय का न्हाई तेवडं बगतो.”

भीमराजने कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बैलगाडीच्या फळ्यांत खोचलेला एक कोयता काढला आणि मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने मान दुसरीकडे वळवली, म्हणजे हो. टोळीतल्या बायका धुणं तसंच टाकून उभ्या राहिल्या.

त्याने तळावरची एक सायकल घेतली, कोयता कॅरियरला लावला आणि मालनबाईंचं रान धरायला निघाला.